व्हीपीएन लागतं, पण मेल येत नाही: नऊ दिवसांच्या नोंदी

घरून काम सुरू झालं आणि ऑफिसचा मेल सर्व्हर आम्ही बाहेरच्या जगासाठी बंद केला. बाहेरून फक्त २५ नंबरचं पोर्ट (सर्व्हरचं क्रमांकाचं दार) उघडं आहे, तेही दुसऱ्या सर्व्हरकडून येणारे मेल घेण्यापुरतं. मेल वाचायचे (पोर्ट ९९३) किंवा पाठवायचे (पोर्ट ५८७) तर आधी वायरगार्ड व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद बोगदा (टनेल), लावायचं. सर्व्हरवर डव्हकॉट (मेल वाचायला देणारं) आणि पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं) आहेत, सगळ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स आणि थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम. व्हीपीएनमधून फक्त मेल आणि फाइल सर्व्हर जातात, बाकी इंटरनेट सरळ घरच्या लाइनवरून. ही मांडणी मीच केली, त्यामुळे ती दुरुस्त करणंही माझ्याकडेच आलं. कुणाला हेच करायचं असेल तर माझे वाया गेलेले तास त्यांचे तरी वाचावेत म्हणून रोज लिहीत गेले.

दिवस १, सोमवार

सकाळी घरून व्हीपीएन लावलं. वायरगार्ड म्हणतं हँडशेक झाला (दोन्ही टोकांची ओळख पटली). थंडरबर्ड म्हणतं कनेक्शन टाइम आउट.

पहिली चूक इथेच. सर्व्हरचं नाव कोणत्या पत्त्यावर जातंय ते न बघता मी खात्याच्या सेटिंगमध्ये नावाऐवजी थेट आतला पत्ता, १९२.१६८.१.१०, टाकला. सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारा दाखला) नावाला दिलेलं असतं, पत्त्याला नाही, म्हणजे त्याची तक्रार येणार हे ठाऊक होतं. म्हणून मी आधीच ‘अपवाद मान्य’ करून ठेवला. हे करायला नको होतं. एकदा अपवाद मान्य करायची सवय लागली की खरोखर कुणी मधे बसून खोटं सर्टिफिकेट दाखवलं तरी माणूस तेच बटण दाबतो. आणि इतकं करूनही टाइम आउट येतच राहिला.

दुपारी शांतपणे नाव तपासलं. घरच्या राउटरचा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) मेल सर्व्हरच्या नावाला ऑफिसचा बाहेरचा पत्ता देत होता, आणि तिथे ९९३ बंद. ऑफिसचा स्वतःचा डीएनएस त्याच नावाला आतला पत्ता देतो, पण तो लॅपटॉप कधी विचारतच नव्हता. वायरगार्डच्या फाइलमध्ये डीएनएसची ओळ टाकायची राहिली होती. ती टाकली, टनेल बंद करून परत चालू केला, नाव आतल्या पत्त्यावर आलं. खात्यात पुन्हा नाव लिहिलं, दिलेला अपवाद काढून टाकला.

टाइम आउट तरीही तोच. आता कारण दुसरं आहे हे मला तेव्हा कळलं नाही, मला वाटलं पहिलीच दुरुस्ती नीट झाली नाही. गेलेला वेळ: पाच तास.

दिवस २, मंगळवार

आजचा अख्खा दिवस थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये घालवला. ९९३ ऐवजी १४३ हे पोर्ट आणि स्टार्ट-टीएलएस (साधं कनेक्शन उघडून मग कुलूपबंद करायची पद्धत) करून पाहिलं. पासवर्डची पद्धत बदलली. टाइम आउटची मर्यादा मुळात १०० सेकंद असते, ती ३०० केली. एवढंच झालं की तीच पाटी आता पाच मिनिटांनी दिसू लागली. शेवटी प्रोफाइल (थंडरबर्डची सगळी खाती आणि सेटिंग) काढून नवं बनवलं. त्यात माझे मेल गाळायचे सगळे नियम गेले, ते पुढे गुरुवारी रात्री हाताने परत लिहावे लागले. जुन्या प्रोफाइलचा फोल्डर आधी बाजूला कॉपी करून ठेवायला एक मिनिट लागलं असतं.

एकच गोष्ट हाती लागली आणि तिचं महत्त्व मला तेव्हा समजलं नाही. टर्मिनलमधून सर्व्हरच्या ९९३ वर नुसतं कनेक्शन उघडलं तर ते लगेच उघडतं. १४३ वर तर डव्हकॉटचं ‘तयार आहे’ हे वाक्यसुद्धा येतं. मी निष्कर्ष काढला की वाट मोकळी आहे, म्हणजे घोळ क्लायंटमध्येच, माझ्या थंडरबर्डमध्ये. वाट मोकळी होती खरी, पण लहान पॅकेटांपुरती, म्हणजे डेटाच्या छोट्या पाकिटांपुरती.

गेलेला वेळ: सात तास आणि सगळे नियम.

दिवस ३, बुधवार

सकाळी वैतागून फोनचा हॉटस्पॉट लावला. तोच लॅपटॉप, तेच व्हीपीएन, तेच थंडरबर्ड, आणि मेल धडाधड उतरले. परत घरच्या वायफायवर आले तर ठप्प.

म्हणजे क्लायंट निर्दोष. काल हीच चाचणी आधी केली असती तर प्रोफाइल वाचलं असतं. दुसऱ्या लाइनवरून करून बघायला दोन मिनिटं लागतात, ती आता मी यादीत सगळ्यात वर ठेवते.

पण लगेच पुढची चूक केली. वाटलं, घरची इंटरनेट कंपनी ९९३ अडवत असेल. त्यांच्या ग्राहक सेवेला फोन लावला, पाऊण तास लाइनवर थांबले, तक्रार नोंदवली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की कंपनीला ९९३ दिसणंच शक्य नाही. त्यांना दिसतात ती फक्त वायरगार्डची बंद पाकिटं (युडीपी या पद्धतीने जाणारी), आत मेल आहे की फाइल हे त्यांना कळायला मार्ग नाही. तक्रार मागे घेतली.

संध्याकाळी राउटर बंद करून चालू केला आणि मेल सुरू झाला! दोन तास उत्तम चालला. मी आनंदाने सगळ्यांना ‘राउटर रीस्टार्ट करा’ असं कळवलं. रात्री लॅपटॉप झोपून उठला, टनेल नव्याने लागला, आणि पुन्हा जैसे थे. तो निरोप पाठवण्याची घाई झाली. दोघा सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उगीच राउटरशी झटापट केली.

दिवस ४, गुरुवार

आज ठरवलं की कोणतंही सेटिंग बदलायचं नाही, फक्त बघायचं. टनेलच्या दोन्ही टोकांना पॅकेट पकडायला लावली आणि थंडरबर्ड बाजूला ठेवून ओपनएसएसएल या साधनाने हाताने ९९३ वर टीएलएस (कुलूपबंद संवाद) सुरू केलं.

जे दिसलं ते असं. टीसीपीचं कनेक्शन झालं. माझ्या लॅपटॉपचा पहिला निरोप गेला, पाचशे बाइटच्या आसपास. सर्व्हरने तो मिळाल्याचं कळवलं. मग सर्व्हरने आपलं सर्टिफिकेट पाठवलं, एकूण ३९०० बाइट, तीन पॅकेटांत: १३६८, १३६८ आणि उरलेले ११६४. यातलं फक्त शेवटचं माझ्यापर्यंत पोचलं. पहिली दोन नाहीतच. लॅपटॉप परत परत सांगतोय की शेवटचा तुकडा मिळाला, आधीचे पाठव. सर्व्हर तीच मोठी पॅकेट परत परत पाठवतोय, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. शेवटी कुणीतरी कंटाळून कनेक्शन तोडतं आणि थंडरबर्ड त्याला टाइम आउट म्हणतं.

भरलेली पॅकेट मरतात, अर्धवट भरलेली पोचतात. हा आकाराचा प्रश्न आहे, मेलचा नाहीच. व्हीपीएनमागे बाकी फक्त फाइल सर्व्हर होता आणि या आठवड्यात तो कुणी उघडला नव्हता, म्हणून आजारी दिसला तो एकटा मेल.

मग मोजमाप. टनेलमधून मेल सर्व्हरला पिंग (‘आहेस का?’ विचारणारं चाचणीचं पॅकेट), ‘तुकडे करू नकोस’ हा पर्याय लावून, आकार बदलत. १३९२ ला उत्तर नाही. १३०० ला आलं. मधला आकडा घेत घेत गेले: १३८० ला येतं, १३८१ ला येत नाही. पिंगच्या आकड्यात २८ मिळवायचे (पॅकेटवरच्या मथळ्यांचे: २० आयपीचे, ८ पिंग ज्यातून जातं त्या आयसीएमपीचे), म्हणजे टनेलमधून जाणारं सगळ्यात मोठं पॅकेट १४०८ बाइटचं. वायरगार्ड मात्र समजून चाललंय की १४२० जातात.

दुसरा धागा वायरगार्डच्या स्थितीत सापडला. पलीकडच्या टोकाचा पत्ता घरच्या वायफायवर लांबलचक आयपीव्ही६ चा (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) दिसत होता, हॉटस्पॉटवर साधा आयपीव्ही४ चा (जुनी पद्धत). आमच्या व्हीपीएनच्या नावाला दोन्ही पत्ते आहेत आणि वायरगार्ड टनेल लागताना एकदाच नाव विचारून पत्ता धरून ठेवतं. आता हिशेब जुळला. वायरगार्डचं वेष्टण आयपीव्ही४ वर ६० बाइटचं असतं, आयपीव्ही६ वर ८० चं. घरची लाइन पीपीपीओई (कंपनीकडे लॉगिन करून लागणारी) आहे, ती स्वतःसाठी ८ बाइट घेते, म्हणजे १५०० पैकी उरतात १४९२. आयपीव्ही४ वर १४२० अधिक ६० म्हणजे १४८०, सहज मावतात. आयपीव्ही६ वर १४२० अधिक ८० म्हणजे १५००. आठ बाइट जास्त. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही, ते टाकून देतो.

कालचं कोडंही सुटलं. राउटर नुकताच उठला होता, आयपीव्ही६ अजून मिळालं नव्हतं, टनेल आयपीव्ही४ वर लागला, म्हणून दोन तास चालला.

आज सहा तास लागले, पण यातला एकही वाया गेला असं वाटत नाही.

दिवस ५, शुक्रवार

१४९२ वजा ८० म्हणजे १४१२. लॅपटॉपच्या वायरगार्ड फाइलमध्ये एमटीयू (सगळ्यात मोठ्या पॅकेटचा आकार) १४१२ लिहिला, टनेल परत लावला. चालला नाही.

इथे मी तासभर अडले. कालचं मोजमाप १४०८ का आलं, १४१२ का नाही, हा प्रश्न मी सोडून दिला होता. चार बाइटचा फरक क्षुल्लक वाटला. नव्हता. वायरगार्ड प्रत्येक पॅकेट १६ च्या पटीत भरून घेतं, फक्त स्वतःच्या एमटीयूच्या वर जात नाही. १४०८ ही १६ ची पट आहे, ते तसंच जातं आणि बाहेरून १४८८ होतं. १४०९ ला मात्र पुढची पट १४२४ लागते, ती मर्यादेने १४२० वर अडते आणि बाहेरून परत १५०० होतात. माझ्या लॅपटॉपवर मर्यादा १४१२ झाली, पण ऑफिसच्या टोकाची अजून १४२० च होती. सर्व्हरकडून १४१२ चं पॅकेट निघालं की ते टोक त्याला १४२० पर्यंत भरणार आणि वाटेत ते मरणार. सर्टिफिकेट तर त्याच दिशेने येतं.

लॅपटॉपवर १४०० केला. १४०० चं पॅकेट भरून १४०८ होतं, बाहेर १४८८. थंडरबर्ड उघडलं आणि अडकलेले मेल उतरू लागले. मग ऑफिसच्या टोकालाही १४०० केला, म्हणजे उद्या कुणी वेगळा आकडा टाकला तरी निदान हे टोक वेडंवाकडं भरणार नाही.

मला मनापासून लागलेली गोष्ट वेगळीच आहे. एवढं सगळं होण्याची गरज नव्हती. पॅकेट मावत नाही तेव्हा वाटेतला राउटर पाठवणाऱ्याला ‘मोठं आहे, इतकंच पाठव’ असा आयसीएमपीव्ही६ निरोप पाठवतो, प्रकार २. तो निरोप ऑफिसच्या फायरवॉलवर मरत होता, कारण पूर्वी कधीतरी आम्ही ‘आयसीएमपी सगळं बंद’ असा नियम लिहिला होता, पिंगने कुणी चाचपू नये म्हणून. आयपीव्ही४ मध्ये हे एक वेळ खपून जातं, आयपीव्ही६ मध्ये नाही. आरएफसी ४८९० (इंटरनेट कसं चालावं हे सांगणाऱ्या दस्तऐवजांपैकी एक) हे २००७ पासून स्पष्ट सांगतं की हा निरोप अडवू नये. नियम बदलला, प्रकार २ मोकळा केला. एमटीयू तरीही १४०० च ठेवला. पॅकेट मुळातच मावलेलं बरं.

बाकीच्यांना काय आकडा द्यायचा? ज्यांना पिंगने मोजता येतं त्यांनी मोजावं आणि त्याखालची १६ ची पट घ्यावी. ज्यांना ते जमत नाही त्यांना मी १२८० दिला. आयपीव्ही६ चालणाऱ्या कोणत्याही लाइनला निदान एवढं पॅकेट न्यावंच लागतं. टनेलच्या आतला आकडा १२८० असला तर बाहेर १३६० होतात, पण त्यावर अडलेली लाइन मला अजून भेटलेली नाही. पॅकेट थोडी जास्त लागतात, मेलच्या कामात ते जाणवत नाही.

दिवस ६, सोमवार

मेल येतोय, पण उशिरा. सहकाऱ्याने पाठवला की कधी लगेच, कधी आठ-नऊ मिनिटांनी, आणि मग तीन-चार एकदम.

यावेळी आधी पॅकेट पकडली, मग विचार केला. थंडरबर्ड इनबॉक्सवर आयडल (‘नवं काही आलं की सांग’) लावून गप्प बसतं. नवीन मेल आला की सर्व्हरने आवाज द्यायचा असतो. पण दोन्ही बाजू गप्प असल्या की घरचा राउटर त्या युडीपी संवादाची नोंद पुसून टाकतो आणि सर्व्हरची हाक दारावरच अडते. थंडरबर्डची दर १० मिनिटांची स्वतःची फेरी झाली की आतून पॅकेट जातं, दार उघडतं आणि साचलेलं सगळं आत येतं. वायरगार्ड गरज नसताना अवाक्षर बोलत नाही, तो त्याचा गुणच आहे, इथे मात्र अडचण झाला.

लॅपटॉपच्या फाइलमध्ये ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद, म्हणजे काही काम नसलं तरी तेवढ्या वेळाने एक छोटं पॅकेट. एक ओळ. मेल दोन-तीन सेकंदांत दिसू लागला. शोधायला दीड तास, लिहायला एक मिनिट. फोनवर ही ओळ टाकू नका असं मी सगळ्यांना सांगितलं. दर २५ सेकंदांनी रेडिओ जागा झाला की बॅटरी उतरते.

दिवस ७, मंगळवार

हिशेब बघणाऱ्या सहकाऱ्याचा फोन: ‘मॅडम, एका ग्राहकाला तेच बिल तीनदा गेलंय, ते विचारतायत नक्की कितीदा भरायचं.’

त्याने मेल पाठवला होता. पाठवणं ५८७ वरून होतं आणि ते झालं होतं. त्यानंतर ‘पाठवलेले’ फोल्डरमध्ये प्रत ठेवायची, ते काम ९९३ वरून होतं आणि ते अडलं होतं. पडद्यावर चूक झाल्याची पाटी बघून त्याने पुन्हा पाठवलं, आणि पुन्हा. त्याची काहीच चूक नाही. त्या पाटीवर ‘मेल गेला आहे, फक्त प्रत राहिली’ असं लिहिलेलं असतं, पण घाईत कोण ते पूर्ण वाचतं? ग्राहकाला मी स्वतः फोन करून सांगितलं.

सर्व्हरच्या लॉगमध्ये (त्याच्या नोंदवहीत) कारण सरळ लिहिलेलं होतं: एकाच खात्याची, एकाच पत्त्यावरून, कनेक्शनची मर्यादा ओलांडली. डव्हकॉट मुळात अशी १० कनेक्शन देतं. थंडरबर्ड एका खात्यासाठी ५ पर्यंत उघडतं. हिशेबाचं सामाईक खातं तिघे वापरतात, म्हणजे १५. ऑफिसमध्ये बसून हे कधीच झालं नाही, कारण तिथे तिघांचे तीन पत्ते. व्हीपीएनमधून येताना मात्र मी सगळ्यांचा पत्ता बदलून व्हीपीएन सर्व्हरचा एकच पत्ता लावत होते. ते सोपं पडतं, परतीचा रस्ता कुणाला वेगळा सांगावा लागत नाही.

तिघांच्या थंडरबर्डमध्ये कनेक्शन ५ वरून २ केली, काम तात्काळ सुरू झालं. पण खरी दुरुस्ती म्हणजे ते पत्ता बदलणं बंद करणं. ऑफिसच्या राउटरवर व्हीपीएनच्या नेटवर्ककडे परत जायचा रस्ता लिहिला आणि पत्ता-बदल काढला. आता लॉगमध्ये प्रत्येक माणसाचा स्वतःचा पत्ता दिसतो. हे सुरुवातीला केलं असतं तर गेल्या आठवड्यात कोण अडलंय आणि कोण नाही हे लॉगवरूनच दिसलं असतं. पहिल्या दिवशी मी सर्व्हरचा लॉग उघडलाच नव्हता.

चार तास, त्यातला एक ग्राहकाशी बोलण्यात. तो सगळ्यात जड गेला.

दिवस ८, बुधवार

एका सहकारी बाईंचं व्हीपीएन लागतं, पण मेल सर्व्हर सापडत नाही. त्यांच्या घरचं नेटवर्क १९२.१६८.१.०, ऑफिसचंही तेच. लॅपटॉपला वाटतं १९२.१६८.१.१० घरातच आहे, तो टनेलकडे बघतच नाही. त्यांच्या घरी त्याच पत्त्यावर प्रिंटर निघाला, आणि थंडरबर्ड दोन दिवस त्या प्रिंटरकडे मेल मागत होतं.

त्यांच्या फाइलमध्ये पूर्ण नेटवर्कऐवजी फक्त मेल सर्व्हर आणि डीएनएस असे दोन एकेकटे पत्ते, /३२ (म्हणजे नेमका हा एकच पत्ता) लावून, लिहिले. नेमका रस्ता मोठ्या रस्त्यापेक्षा वरचढ ठरतो, म्हणून मेल लगेच सुरू. व्हीपीएन चालू असताना प्रिंटर दिसत नाही, त्यासाठी त्यांना प्रिंटरचा पत्ता बदलून दिला. बावीस मिनिटं. नऊ दिवसांतलं सगळ्यात जलद काम, कारण त्यांनी फोनवर आधीच रस्त्यांची यादी वाचून दाखवली होती.

दिवस ९, गुरुवार

सगळ्यांच्या फाइल तपासल्या: डीएनएसची ओळ, एमटीयू, कीपअलाइव्ह. पहिल्या दिवशी माझं बघून आणखी दोघांनी सर्टिफिकेटचा अपवाद मान्य केला होता, तो दोघांच्याही लॅपटॉपवरून काढला आणि नावाने मेल चालतोय याची खात्री केली. मग २० एमबीची अटॅचमेंट असलेला मेल प्रत्येकाच्या घरून पाठवून आणि उघडून पाहिला, कारण लहान पॅकेटांवर विश्वास ठेवून मी दोन दिवस घालवले होते. सातपैकी सात गेले, सात आले.

राहिलेलं काम एकच. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१.० वरून हलवायचं, घरोघरी सापडणार नाही अशा दहाच्या पट्ट्यातल्या (१० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या) एखाद्या कोपऱ्यात. त्यासाठी प्रिंटर, सर्व्हर, हजेरीचं यंत्र सगळ्यांचे पत्ते बदलावे लागतील. पुढच्या शनिवारी ऑफिस रिकामं असताना करणार. पत्त्यांची यादी आज संध्याकाळी काढायला घेतली आहे, एकोणतीस झाले.